४२५, ३३५, २९०: मसल कारच्या आकड्यांमागचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६४ ते १९७१ या काळात मसल कार, म्हणजे मधल्या आकाराच्या साध्या गाडीत बसवलेलं मोठं इंजिन, बनवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांपैकी खरी ताकद कोणाच्या इंजिनात होती? ४२५ अश्वशक्तीची गाडी तेव्हा पगारदार तरुणाला परवडेल इतकी स्वस्त कशी मिळायची? आणि ते आकडे आजच्या ७०० अश्वशक्तीच्या गाड्यांशेजारी ठेवता येतात का?

मी इंजिन टेस्टिंगमधला माणूस. सुरुवात पुण्यात झाली, पुढे मिशिगनमध्ये डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, खोल्यांत नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी जुनी व्ही-८ (आठ सिलेंडरची) इंजिनं उघडायची सवयही तिथेच लागली. म्हणून आधी आकड्यांबद्दल बोलतो. या विषयावरचे नव्वद टक्के वाद पत्रकावर छापलेला आकडा खरा मानल्यामुळे होतात.

त्या काळातली पत्रकं समोर पसरून बसलात तर एक गंमत दिसेल. शेव्हर्लेचं १९६३ चं ४०९ घन इंची (हा इंजिनाचा आकार, पुढे नुसता आकडा लिहितो) इंजिन ४२५ अश्वशक्तीचं. फोर्डचं दोन कार्ब्युरेटरवालं ४२७ तेही ४२५. क्रायस्लरचं १९६६ चं ४२६ स्ट्रीट हेमी, अर्धगोल कंबश्चन चेंबरचं, म्हणजे बनावटच वेगळी, पण आकडा पुन्हा ४२५. खाली उतरा. १९६६ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओचं ३८९ इंजिन ३३५ अश्वशक्तीचं, १९६८ च्या प्लिमथ (क्रायस्लरचाच ब्रँड) रोड रनरचं ३८३ ही ३३५, आणि त्याच वर्षीचं फोर्डचं ४२८ कोब्रा जेट, म्हणजे रोड रनरपेक्षा पाऊण लिटरने मोठं, तेही बरोब्बर ३३५. आणखी खाली या. कॅमॅरो झेड/२८ चं ३०२ इंजिन २९०, मस्टँग बॉस ३०२ चं २९०, आणि १९७० च्या प्लिमथ एएआर कुडाचं तीन कार्ब्युरेटरवालं ३४० सुद्धा २९०. वेगवेगळ्या कंपन्या, वेगळे ब्लॉक, वेगळे कॅमशाफ्ट, आणि उत्तर मात्र एकच. देवाने ही सगळी इंजिनं एकाच मापाने ओतली असतील यावर माझा तरी विश्वास नाही.

शेव्हर्लेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं उदाहरण तर मजेशीर आहे. १९६६ साली ४२७ घन इंची एल-७२ इंजिन आलं तेव्हा सुरुवातीला ४५० अश्वशक्ती जाहीर झाली. थोड्याच दिवसांत ती ४२५ करण्यात आली. इंजिनातला एक बोल्टही बदलला नव्हता. बदलला तो फक्त एअर क्लीनरवरचा स्टिकर.

मग हे आकडे ठरायचे कसे? १९७१ पर्यंत अमेरिकेत 'ग्रॉस' पद्धतीने मोजायचे. इंजिन स्टँडवर चढवायचं. पंखा नाही, अल्टरनेटरचा भार नाही, एअर क्लीनर काढलेला, गाडीतल्या चिंचोळ्या सायलेन्सरऐवजी मोकळा एक्सॉस्ट, आणि इग्निशन टायमिंग प्रत्येक आरपीएमला हाताने जुळवून सर्वांत जास्त येईल ते नोंदवायचं. १९७२ पासून सगळ्यांनी 'नेट' पद्धत घेतली, म्हणजे गाडीत बसवल्यावर असतात त्या सगळ्या सामानासकट. जनरल मोटर्सने १९७१ साली दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले, त्यामुळे तेच इंजिन दोन तराजूंत कसं दिसतं ते कळतं. शेव्हर्लेचं ४५४ एलएस-५ ग्रॉस ३६५, नेट २८५. कॉर्व्हेटचं ३५० एलटी-१ ग्रॉस ३३०, नेट २७५. क्रायस्लरचं हेमी ग्रॉस ४२५, नेट ३५०. भागाकार केलात तर नेट आकडा ग्रॉसच्या ७८ ते ८३ टक्के येतो.

पण इतकंच असतं तर सरळ ८० टक्के काढून मोकळं होता आलं असतं. तसं होत नाही, कारण ग्रॉस आकडासुद्धा इंजिनिअरने लिहिलेला नसायचा. एखाद्या वर्षी तो जाहिरात खाते फुगवायचं, एखाद्या वर्षी दुसरंच कुणी दाबायचं. दाबण्याची कारणं तीन. पहिलं ड्रॅग रेसिंगचं. एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या स्टॉक गटांत गाडीचं वजन भागिले जाहीर केलेली अश्वशक्ती यावरून वर्ग ठरायचा, म्हणजे आकडा जितका कमी छापाल तितका सोपा वर्ग. दुसरं कंपनीच्या मुख्य कचेरीचं. जनरल मोटर्समध्ये कॉर्व्हेट सोडून बाकी गाड्यांना १० पौंड वजनामागे १ अश्वशक्ती अशी मर्यादा होती. १९६७ च्या फायरबर्ड ४०० मध्ये जीटीओचंच इंजिन होतं, पण गाडी हलकी. म्हणून कार्ब्युरेटरच्या लिंकेजला एक छोटी पत्र्याची जीभ लावली, जिच्यामुळे मागची दोन भोकं पूर्ण उघडत नसत, आणि आकडा ३२५ छापला. ती जीभ वाकवायला पक्कड पुरायची, हे घेणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. तिसरं कारण विमा कंपन्या, त्यांच्याकडे नंतर येतो.

आकडा दाबायची सर्वांत सभ्य युक्ती म्हणजे कमाल ताकद जिथे येते त्याच्या आधीचाच आरपीएम छापायचा. झेड/२८ आणि बॉस ३०२ दोघांचेही २९० हे ५,८०० आरपीएमला दिलेले आहेत, आणि ही दोन्ही इंजिनं त्यापुढेही आनंदाने चढत जाणारी. छापलेला आकडा खोटा नव्हता. तो फक्त अर्ध्या वाटेवरचा होता.

मग खरं कसं काढायचं? माझ्यासारखे लोक पत्रकाऐवजी क्वार्टर माइलच्या, म्हणजे ड्रॅग शर्यतीच्या पाव मैलाच्या, शेवटचा वेग बघतात. ४०२ मीटरला किती सेकंद लागले हे टायर आणि ड्रायव्हरवर फार अवलंबून असतं, पण शेवटचा वेग बऱ्यापैकी प्रामाणिक असतो. ढोबळ सूत्र असं: वेग ताशी मैलांत घ्या, २३४ ने भागा, येईल त्याचा घन करा आणि ड्रायव्हरसकट गाडीच्या पौंडांतल्या वजनाने गुणा. ३,७०० पौंडांची म्हणजे सुमारे १,६८० किलोंची गाडी १०० मैलांच्या वेगाने रेषा ओलांडत असेल तर उत्तर साधारण २९० येतं. तीच गाडी ११० ने ओलांडत असेल तर ३८५ च्या घरात. वेग दहा टक्के वाढवायला ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. म्हणून त्या काळातल्या मासिकांच्या चाचण्या वाचताना सेकंदांचा रकाना सोडा, मैलांचा वाचा. आणि मासिकाला दिलेली गाडी कोणी दिली होती तेही बघा. १९६४ साली 'कार अँड ड्रायव्हर'ने जी जीटीओ ४.६ सेकंदांत शून्यावरून ६० मैलांवर नेली तिच्यात ३८९ नव्हे तर ४२१ घन इंची इंजिन बसवलेलं होतं. पॉन्टिअ‍ॅकच्या जाहिराती सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनीच पुढे ते कबूल केलं.

आता किमतीकडे येतो, कारण माझ्या मते ही लढाई मुळात किमतीचीच होती. जास्तीत जास्त ताकद कोणीही करू शकत होतं. १९५५ सालीच क्रायस्लरने सी-३०० मध्ये ३०० अश्वशक्ती दिली होती, पण ती पैसेवाल्यांची गाडी. १९६४ साली बदललं ते हे की तीच ताकद मधल्या आकाराच्या साध्या गाडीत, हप्त्यांवर, वडिलांच्या सहीने मिळू लागली.

पॉन्टिअ‍ॅकची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, पण तिच्यातला कारकुनी भाग बहुतेक जण विसरतात. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी सगळ्या विभागांना रेसिंगमधून बाहेर काढलं. पॉन्टिअ‍ॅकची सगळी प्रतिमा रेसिंगवर उभी होती. शिवाय मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन द्यायचं नाही असा नियम होता. मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन, त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस जी यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली, पॉन्टिअ‍ॅकचं ३२६ आणि ३८९ ही दोन्ही इंजिनं बाहेरून एकाच मापाची होती. बोअर (सिलेंडरचा व्यास) मोठा, बाकी माउंटिंगपासून सगळं तेच. मोठं इंजिन लहान गाडीत बसवायला नवा साचा नको, नवी क्रॉसमेंबर नको. दुसरी, नियम स्टँडर्ड इंजिनाबद्दल होता, ऑप्शनबद्दल नव्हता. मग टेम्पेस्ट ल मान्स या मधल्या आकाराच्या गाडीच्या ऑप्शन यादीत एक ओळ वाढली: जीटीओ, सुमारे २९६ डॉलर. त्यात ३२५ अश्वशक्तीचं ३८९, जाड सस्पेन्शन, दोन एक्सॉस्ट, बिल्ले. तीन कार्ब्युरेटर घेतलेत तर ३४८. विभागप्रमुख पीट एस्टिस यांनी मान तुकवली, विक्रीवाल्यांनी भीत भीत ५,००० गाड्यांना होकार दिला. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या, १९६६ साली जवळजवळ ९७,०००.

किमतीचं मर्म इथे आहे. मोठं व्ही-८ आणि लहान व्ही-८ बनवायचा खर्च जवळपास सारखाच असतो. तीच ओतशाळा, तितकीच भोकं, तितकीच मशीनिंगची पावलं, पिस्टन थोडे मोठे, लोखंड उलट किंचित कमी. ग्राहकाकडून घेतलेल्या २९६ डॉलरांतला चांगला मोठा हिस्सा नफाच होता. त्यामुळे ही ताकद स्वस्तात देताना कोणी उपकार करत नव्हतं. बाजारातल्या इतर कुठल्याही ऑप्शनपेक्षा, रेडिओ आणि एअर कंडिशनर धरून, इंजिनाच्या आकारात पैसा सोपा होता. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या मोठ्या तीन कंपन्यांना हे एकदा कळल्यावर पुढची सात वर्षं काय झालं ते सांगायला नको.

आणि शत्रू नेहमी रस्त्यापलीकडेच होता असंही नाही. जनरल मोटर्सच्या चार विभागांनी मधल्या गाड्यांसाठी वेगवेगळी इंजिनं पाळली होती. पॉन्टिअ‍ॅकचं ४००, ओल्ड्समोबिलचं ४००, ब्युइकचं ४०० आणि शेव्हर्लेचं ३९६. एकाचं हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, दुसऱ्याला बसत नाही. मालक एकच, चुली चार. १९७० साली ४०० घन इंचांची मर्यादा उठली तेव्हा तिघांनी आपापलं ४५५ आणलं, शेव्हर्लेने ४५४. आजच्या कुठल्याही खर्चविभागाला हे ऐकवलं तर त्यांना घाम फुटेल.

फोर्डचं वागणं मला नेहमी विचित्र वाटत आलं आहे. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली, किंमत २,३६८ डॉलर, आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गेल्या. ली आयाकोका यांच्या चमूने फाल्कन या साध्या गाडीच्या सांगाड्यावर देखणी गाडी चढवली होती. मूळ इंजिन मात्र १०१ अश्वशक्तीचं सहा सिलेंडरचं. फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत फेरारीला हरवायला फोर्डकडे वाट्टेल तितका पैसा होता, पण डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर सिग्नल सुटला की १९६७ ची ३९० इंजिनवाली मस्टँग मागे राहायची. ते इंजिन जड होतं आणि वरच्या आरपीएमला दमायचं. शेवटी रोड आयलंडमधल्या ईस्ट प्रॉव्हिडन्सचे डीलर बॉब टास्का यांनी ४२८ चा ब्लॉक आणि फोर्डच्याच कपाटातली चांगली हेड्स जुळवून गाडी बनवली आणि कंपनीला दाखवली. तिथून ४२८ कोब्रा जेट आलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये अल जोनिएकने या इंजिनाच्या मस्टँगवर ड्रॅग रेसिंगचा सुपर स्टॉक गट जिंकला. तो ३३५ चा आकडा याच गाडीचा. वरचं सूत्र लावायचीही गरज नाही. ३३५ ग्रॉसवर ते निकाल येणं शक्यच नव्हतं.

सगळ्यांत हुशार गाडी माझ्या लेखी १९६८ ची प्लिमथ रोड रनर. तोवर जीटीओ बिल्ले, गालिचे, बकेट सीट घालून घालून महाग होत चालली होती आणि ज्यांच्यासाठी ती निघाली तेच बाहेर पडत होते. प्लिमथने लक्ष्य ठेवलं: ३,००० डॉलरच्या आत, क्वार्टर माइल १४ सेकंदांत, १०० मैलांच्या वेगाने. बेल्व्हेडिअरची साधी बॉडी घेतली. खाली गालिच्याऐवजी रबर, पुढे सलग बाकडं, पोलिसांच्या गाड्यांसाठी आधीच तयार असलेलं जाड सस्पेन्शन. ३८३ इंजिनाला ४४० ची हेड्स, कॅमशाफ्ट आणि मॅनिफोल्ड. यातला जवळजवळ प्रत्येक भाग गोदामात पडलेला होता. नव्याने खर्च केला तो कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना दिलेले ५०,००० डॉलर, आणि तसा 'बीप बीप' आवाज करणारा हॉर्न. किंमत २,८९६ डॉलर. पहिल्या वर्षी जवळजवळ ४५,००० गेल्या आणि १९६९ मध्ये तिने विक्रीत जीटीओला मागे टाकलं.

काय वाचवलं होतं तेही बघायला हवं. चारही चाकांना ड्रम ब्रेक स्टँडर्ड, पुढचे डिस्क जादा पैशांत. टायर जुन्या बायस-प्लाय पद्धतीचे, आजच्या मध्यम सेडानच्या टायरपेक्षा अरुंद. ताशी १६० किलोमीटरच्या वेगावरून एकदा करकचून थांबवली की दुसऱ्यांदा तशी थांबेलच याची खात्री नाही. अशा गाड्या मी चालवल्या आहेत. गॅस दाबताना जितकं हसू येतं तितकंच ब्रेक दाबताना देवाचं नाव येतं. ताकद स्वस्त होती याचा अर्धा खुलासा तिथे आहे. पैसे फक्त एका टोकाला घातले होते.

पॉन्टिअ‍ॅकने रोड रनरला उत्तर म्हणून स्वस्त जीटीओ काढायचं ठरवलं. पण बैठकांमागून बैठका होत गेल्या आणि १९६९ ला निघाली ती जीटीओवर ३३२ डॉलर जादा मोजायला लावणारी 'जज', पट्टे आणि मागचा पंख लावून. एकदा श्रीमंत झालेल्या ब्रँडला गरीब होता येत नाही हे मी वाहन उद्योगात नंतरही अनेकदा पाहिलं. छोट्या अमेरिकन मोटर्सने मात्र त्याच वर्षी ३१५ अश्वशक्तीची हर्स्ट एससी/रॅम्बलर २,९९८ डॉलरला दिली. रंग बघवत नाही, पण हिशेब चोख.

आता हेमी. १९६४ च्या डेटोना ५०० मध्ये रिचर्ड पेटीने हेमी प्लिमथने शर्यत जिंकली, पहिले तिन्ही क्रमांक प्लिमथचे. पुढच्या वर्षी ही शर्यत भरवणाऱ्या नासकार संघटनेने नियम आवळले, क्रायस्लरने बहिष्कार घातला, आणि शेवटी हे इंजिन सर्वसामान्य ग्राहकाला विकलं तरच शर्यतीत चालेल असं ठरलं. स्ट्रीट हेमी जन्मली ती अशी, विकण्यासाठी नाही तर शर्यतीचा परवाना मिळवण्यासाठी. त्यामुळे तिला मघाचं स्वस्ताईचं गणित लागू पडत नव्हतं. मोठी दुहेरी रॉकर शाफ्टची हेड्स, घडीव क्रँकशाफ्ट, दोन कार्ब्युरेटर. हे सगळं खरोखर महाग. १९६८ च्या रोड रनरवर ती घ्यायला ७१४ डॉलर, म्हणजे गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढे. घेणारे निघाले हजाराच्या आसपास. १९७० च्या हेमी कुडाला ८७१ डॉलर जादा. कन्व्हर्टिबल बनल्या १४. ४४० इंजिन याहून पुष्कळ स्वस्त होतं, सांभाळायला सोपं होतं आणि सिग्नल ते सिग्नल फरक कळायचा नाही. आज १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल लिलावात ३५ लाख डॉलरला गेलेली आहे (सिएटल, २०१४), ती तेव्हा खपली नाही म्हणूनच. दुर्मीळ म्हणजे चांगली असं समजणाऱ्यांनी तेव्हाच्या विक्रीच्या वह्या चाळाव्यात.

याचं टोकाचं उदाहरण कॅमॅरो झेडएल-१. इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या छोट्या गावातले शेव्हर्ले डीलर फ्रेड गिब यांनी १९६९ साठी अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या ५० कॅमॅरो मागवल्या. जाहीर ताकद ४३० अश्वशक्ती, म्हणजे पुन्हा हातचा राखून. नंतर किंमत आली तेव्हा नुसतं इंजिनच ४,००० डॉलरच्या वर, गाडी ७,००० च्या पुढे. त्या पैशांत दोन रोड रनर घेऊन पुढची दोन-चार वर्षं पेट्रोल भरता आलं असतं. गिब यांनी बऱ्याचशा गाड्या कंपनीला परत घ्यायला लावल्या. एकूण ६९ बनल्या. ताकदीला अमेरिकेत गिऱ्हाईक होतं, पण एका ठरावीक भावापर्यंतच.

विमा कंपन्यांनी मोडला तो हाच भाव. गाडी घेणारा विशी-बाविशीतला, आणि १९७० च्या सुमारास वजनाच्या मानाने अश्वशक्ती जास्त असलेल्या गाड्यांवर जबर जादा हप्ता बसू लागला. गाडीचा हप्ता आणि विम्याचा हप्ता शेजारी शेजारी दिसू लागल्यावर शोरूममधला उत्साह आपोआप उतरला. मग आकडे दाबायला तिसरं कारण मिळालं. त्यातून निघालेली सर्वांत शहाणी गाडी म्हणजे प्लिमथ डस्टर ३४०: लहान बॉडी, २७५ अश्वशक्ती असं सौम्य पत्रक, किंमत २,५४७ डॉलर. पहिल्याच वर्षी २४,००० हून जास्त गेल्या. त्याच १९७० मध्ये छापील आकड्याचा कळस झाला, शेव्हेल एसएस ४५४ एलएस-६, ४५० अश्वशक्ती. आणि त्याच वर्षी ब्युइकने ४५५ स्टेज-१ साठी ३६० छापले, साध्या ४५५ पेक्षा फक्त १० जास्त. पण शेजारच्या रकान्यात टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, होता ५१० पौंड-फूट, तोही २,८०० आरपीएमला. तो रकाना वाचणारे कमी, म्हणून ब्युइकला म्हाताऱ्यांची गाडी म्हणत हरणारे जास्त.

शेवट लवकर आला. १९७० चा हवा शुद्धीकरण कायदा समोर दिसत होता. पुढे बसणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरना शिशाचं पेट्रोल चालणार नव्हतं. बिनशिशाच्या पेट्रोलवर इंजिनं चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ मॉडेलपासून सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. १९७२ ला मोजायची पद्धत बदलली. ग्राहकाला दिसलं ते हे की दोन वर्षांत ताकद अर्ध्यावर आली. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग तराजू बदलल्याचा होता. ऑक्टोबर १९७३ चा तेलबंदीचा फटका नंतर आला. पुष्कळ जण मसल कारच्या मरणाचं खापर तेलावर फोडतात, पण तेल येईपर्यंत पेशंट गेलेला होता.

आता आजच्या गाड्या. शर्यत पुन्हा लागली ती २०१० च्या दशकात: २०१२ ची कॅमॅरो झेडएल-१ ५८०, २०१३ ची मस्टँग जीटी५०० ६६२, २०१५ ची डॉज हेलकॅट ७०७, २०१८ ची डीमन रेसिंगच्या पेट्रोलवर ८४०, २०२० ची जीटी५०० ७६०, आणि २०२३ ची डीमन १७० ई-८५ या इथेनॉलमिश्रित इंधनावर १,०२५. फरक असा की हे आकडे नेट आहेत आणि त्यांच्यावर पहारा आहे. १९९९ साली फोर्डने मस्टँग कोब्राला ३२० अश्वशक्ती जाहीर केली. मालकांनी डायनोवर चढवून बघितल्या, भरली नाही. विक्री थांबवून विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, इनटेक आणि एक्सॉस्ट बदलून द्यावं लागलं. २००५ पासून बाहेरच्या साक्षीदारासमोर चाचणी करून एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाणित केलेला आकडा घ्यायची सोय झाली. खाली दाबणं मात्र बंद झालं नाही. १९९८ च्या कॅमॅरोत कॉर्व्हेटचंच एलएस-१ होतं. कॉर्व्हेटला ३४५ आणि कॅमॅरोला ३०५, कारण थोरल्याचा मान.

किमतीचा हिशेब मी एकदा बसून केला, तो देतो. १९६८ च्या रोड रनरचे २,८९६ डॉलर म्हणजे महागाई धरून २०१५ चे सुमारे १९,७००. खरी ताकद वरच्या सूत्राने २९० धरली तर एका अश्वशक्तीला ६८ डॉलर. २०१५ ची साधी मस्टँग जीटी ४३५ अश्वशक्ती, सुमारे ३३,००० डॉलर, म्हणजे ७६. हेलकॅट ७०७ ला ६०,००० च्या आसपास, म्हणजे ८५, शिवाय डीलरने वर लावलेली टोपी वेगळी. पन्नास वर्षांत भाव जवळजवळ तिथेच राहिला आणि वर डिस्क ब्रेक, एअरबॅग, रेडिअल टायर फुकट आले. 'तेव्हा ताकद फार स्वस्त होती' हे म्हणणं आठवणीतलं आहे, हिशेबातलं नाही. आपल्याकडचं उदाहरण वेगळं पडतं: २०१६ मध्ये हीच मस्टँग जीटी भारतात पूर्ण बांधून आयात होऊन आली, दिल्ली एक्स-शोरूम ६५ लाख रुपये आणि ताकद ४०१ पीएस. त्यात ताकदीपेक्षा कस्टम ड्यूटीच जास्त होती, आणि पीएस ही मेट्रिक अश्वशक्ती असून तो अमेरिकन अश्वशक्तीपेक्षा दीड टक्क्याने हलका असतो हेही विसरू नका.

तेव्हा मूळ प्रश्नाला उत्तर. शोरूममधून निघालेल्या अवस्थेत, रस्त्याच्या टायरवर, खऱ्या ताकदीत मी १९७० चं एलएस-६ पहिलं धरीन आणि ब्युइक स्टेज-१ ला त्याच्या अगदी खेटून. नीट ट्यून केलेलं हेमी दोघांच्या पुढे जाईल, पण त्यातलं 'नीट ट्यून केलेलं' हे काम डीलरकडच्या दहापैकी नऊ मेकॅनिकांना जमत नसे. फोर्डचं ४२८ कोब्रा जेट छापलेल्या आकड्यापेक्षा सर्वांत पुढे गेलेलं. १९७२ च्या आधीचा कुठलाही आकडा आजच्या गाडीशेजारी ठेवायचा तर ०.८ ने गुणा, आणि गाडी झेड/२८, बॉस ३०२, कोब्रा जेट किंवा स्टेज-१ असेल तर गुणूच नका. तिथे ग्रॉसचा आकडाच नेटच्या जवळ जातो. दमडीला दाम मोजून घ्यायची झाली तर १९६८ मध्ये मी रोड रनर घेतली असती. १९७० मध्ये डस्टर ३४०, विम्याच्या एजंटला न सांगता.